चाळणीची उपमा कुठे फसते?

इंजेक्शनच्या बाटल्या भरणे, संगणकाच्या चिप्स बनवणे अशी कामे जवळजवळ धूळ नसलेल्या खोलीत, म्हणजे क्लीन रूममध्ये चालतात. विद्यार्थ्यांसाठीच्या लेखांत या खोलीचे वर्णन बहुधा एका वाक्यात उरकलेले असते: 'हवा अतिशय बारीक चाळणीतून गाळून आत सोडतात.' वर्गात आम्हीही हेच सांगत आलो. उपमा सोपी आहे, मुलांना लगेच पटते. पण तिच्यातून जे कळते ते बरेचसे चुकीचे असते, अशी आमची तक्रार आहे.

पहिली चूक गाळणीबद्दलची. चाळणीत छिद्राहून मोठा कण अडतो, लहान निसटतो. क्लीन रूममधली हेपा गाळणी म्हणजे बारीक तंतूंचा गुंता असतो. तंतूंमधल्या फटी अनेक कणांपेक्षा मोठ्या असतात, तरीही कण अडकतात. हवा तंतूला वळसा घालते. मोठ्या कणाला जडत्वामुळे तितके झटकन वळता येत नाही, तो तंतूवर आदळतो. अगदी लहान कणांना हवेचे रेणू सतत धक्के देतात. ते भरकटत जाऊन तंतूला चिकटतात. निसटण्याची शक्यता जास्त असते ती मधल्यांची, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची. अशा कणांपैकी ९९.९७ टक्के, म्हणजे दहा हजारांतले ९,९९७, अडवले तर गाळणी पास!

हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. २०२० साली कोविडच्या साथीत 'विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची छिद्रे त्याहून मोठी, मग मास्कचा उपयोग काय?' असे शिकलेली माणसेही विचारत होती. त्यांच्या डोक्यात हीच चाळणी होती.

दुसरी चूक अशी, की या उपमेत घाण फक्त बाहेरून येते. प्रत्यक्षात त्वचेचे कण, कपड्यांचे धागे, यंत्रांची झीज ही धूळ आतच तयार होते. पूर्वीच्या क्लीन रूममध्येही हवा गाळलेली असे, पण ती खोलीत घुमत राही आणि आतलीच धूळ फिरवत बसे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतले विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास हवेला एकाच दिशेने, संथ आणि सरळ वाहायला लावले आणि जमिनीतल्या जाळीतून बाहेर काढले. त्यांची खोली आधीच्या खोल्यांच्या सुमारे हजारपट स्वच्छ ठरली. गाळण्या तेव्हाही होत्याच; बदलला तो हवेचा मार्ग.

आज अशा प्रवाहाचा वेग साधारणपणे सेकंदाला ०.४५ मीटर ठेवतात. छत २.७ मीटर उंच असेल, तर वरून निघालेली हवा ६ सेकंदांत जमिनीशी पोचते. वर्गात घालायला हे गणित चांगले आहे.

दाबाचा तर या उपमेत पत्ताच नाही. औषधांच्या क्लीन रूममध्ये हवेचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा १० ते १५ पास्कल जास्त ठेवतात, म्हणजे पाण्याच्या जेमतेम दीड मिलिमीटर उंचीइतका. तेवढ्यानेही फटींतून हवा बाहेरच जाते. घातक जंतूंवर काम करायच्या खोलीत मात्र दाब उलट कमी ठेवतात. असे का, हे चाळणी सांगू शकत नाही.

उपमा टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. चाळणीपासून सुरुवात करावी आणि ती कुठे फसते ते मुलांना शोधू द्यावे. पंखा बंद करून एक उदबत्ती लावा. धूर थोडा वेळ सरळ चढतो, मग विस्कटतो. आता एका मुलाला शेजारून चालत जायला सांगा आणि विचारा: इथे गाळणी कितीही चांगली बसवली, तरी हा धूर कुठे जाईल?