उरलेलं सामान कुणाच्या सज्ज्यावर?

गेल्या दिवाळीत मी पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला. नोकरी लॅपटॉपवरची, कुठूनही होणारी. म्हटलं, वर्षभर मोटरसायकलवरच राहू. तीन महिने विकत, वाटत, टाकत गेलो आणि सामान २८ किलोंवर आणलं. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅममध्ये लिहिलं होतं. उरलेली नऊ खोकी भंडाऱ्याला घरी आणली आणि सज्ज्यावर चढवली. तिथे आजीचे पितळी गुंड आणि गंगाळ आधीच होतं. पितळेच्या या गावात ती जड भांडी मोडीत काढायला आमच्याकडे कुणी धजत नाही. खोक्यांकडे बघत आई म्हणाली, "सामान कमी कुठं झालं बाप्पा, जागा तेवढी बदलली."

त्याच खोक्यांत कॉलेजच्या दिवसांतलं एक पुस्तक सापडलं. दादासाहेब मोरे यांचं 'गबाळ', १९८३ सालचं. निघायच्या आधी वाचून काढू म्हणून खाली घेतलं. त्याच आठवड्यात 'नोमॅडलँड' पुन्हा पाहिला. दोन्हींचा विषय एकच आहे: घर नसताना माणूस सोबत काय नेतो? पण एकामागोमाग एक वाचता-बघताना माझी स्प्रेडशीट मलाच खटकायला लागली.

आधी सिनेमा. क्लोई झाओचा 'नोमॅडलँड' २०२० चा. जेसिका ब्रूडरच्या २०१७ च्या पुस्तकावर तो बेतलाय. नेवाडातल्या एम्पायर गावातला जिप्समचा कारखाना २०११ मध्ये बंद पडला आणि गावच उठलं. तिथली विधवा फर्न भाड्याच्या गोदामात सामान ठेवते आणि मोजक्या वस्तू घेऊन व्हॅनमध्ये राहायला लागते. मोजक्यांत वडिलांनी दिलेल्या चिनी मातीच्या ताटल्याही आहेत. रस्त्यावरच्या माणसाने असली नाजूक भांडी बाळगणं म्हणजे वेडेपणाच. एक मित्र मदतीच्या भरात ते खोकं पाडतो. ताटल्या फुटतात, आणि फर्न त्याच्यावर भडकते. मग एकटी बसून तुकडे चिकटवते. काय ठेवायचं याचा निकष उपयोग हा असतो, असं सांगणाऱ्या सगळ्या याद्यांना हे एक दृश्य पुरून उरतं.

सिनेमा लंगडतो तो पुढे. फर्नला बहीण घरी राहा म्हणते, तो मित्रही म्हणतो. ती दोघांनाही नाही म्हणते. तिचं नाही म्हणणं सुंदर चित्रित झालंय, पण त्यामुळे तिचं भटकणं हा स्वभाव ठरतो. ब्रूडरच्या पुस्तकात २००८ च्या मंदीनंतर घर परवडेनासं झालेली म्हातारी माणसं गोदामांत अंग मोडेस्तोवर राबतात. पडद्यावर ती मजुरी मागे सरते आणि सूर्यास्त पुढे येतो. आपली रील्स नेमका तो सूर्यास्त उचलतात.

आता 'गबाळ'. मोरे कुडमुडे जोशी समाजाचे. भविष्य सांगत गावोगाव फिरणाऱ्या घरातला मुलगा शिकायला धडपडतो, त्याची ही गोष्ट. शीर्षकातच सामान आहे. बेलदार समाजातल्या अशोक पवारांच्या आत्मकथनाचं नाव 'बिराड', तेही सामानच. स्थिर माणूस आत्मकथनाला स्वतःच्या सामानाचं नाव देईल का? त्याचं घर एका जागी उभं असतं. यांचं घर म्हणजे ते गाठोडंच. ते उचललं की मागे काहीच उरत नाही. सज्जा नाही, गोदाम नाही, खोकी सांभाळणारी आई नाही. 'कमी सामान' ही या पुस्तकातली निवड नव्हे. जेवढं आहे तेवढंच ते आहे.

आपली भाषाही यात सामील आहे. नीटनेटका नसलेला माणूस 'गबाळा', आणि हाकलायचं असेल तर म्हणायचं, चंबूगबाळं आवर. एकाचं घर ती दुसऱ्याची शिवी. आणि आपण तेच गाठोडं चांगल्या कापडात शिवून 'मिनिमलिझम' म्हणतो.

या पुस्तकांत वजनाहून जड एक गोष्ट आहे: पत्ता. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कायद्यातून पुसायला १९५२ उजाडलं, लोकांच्या नजरेतून तो अजून पुसलेला नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरतं, आणि बाप मुलाला शाळेत घालायचं धाडस करतो. शाळेला लागतं एक गाव, आणि नेमकं तेच त्यांच्या सामानात नसतं.

'गबाळ'बद्दल एक तक्रार मात्र आहे. आपण ही पुस्तकं 'वेदनेचं साहित्य' म्हणून अभ्यासक्रमात वाचतो आणि मिटवतो. त्यांतलं कसब निसटतं. बिऱ्हाड कसं बांधायचं, पाल कुठे टाकायचं, अनोळखी गावात पहिला शब्द कुणाशी बोलायचा, हे ज्ञान आहे. व्हॅनवाल्यांच्या याद्यांना ते कधी सुचलेलं नाही.

सराव म्हणून मी साकोलीच्या अलीकडे महामार्गालगत एक रात्र तंबूत काढली. थोड्या अंतरावर दोन पालं होती. सकाळी एक काका आले. "कुठचे?" म्हणाले. "भंडाऱ्याचा." एवढ्या एका शब्दावर त्यांनी मला चहाला नेलं. जाताना पालांकडे बघून म्हणाले, "यांच्यावर लक्ष ठेवा लागते." मी काहीच बोललो नाही. चहा मात्र प्यायलो.

घरी आल्यावर स्प्रेडशीट उघडली. आधार कार्ड: ५ ग्रॅम, असं मीच लिहिलं होतं. सज्ज्यावरची नऊ खोकी, पितळी गुंड, आई आणि 'भंडाऱ्याचा' हा शब्द यांच्यासाठी तिच्यात रकानाच नव्हता. मी निघणार आहे. पण २८ किलोंचा आकडा आता कुणाला सांगत नाही.