षड्ज न सोडणारा सॅक्सोफोन

हिंगोली-परभणीकडच्या वरातींना सॅक्सोफोन नवा नाही. बँडवाले त्यावर सिनेमातली चाल उचलतात, नवरदेवापुढे नाचणाऱ्यांना तेवढं पुरतं. याच वाद्यावर ब्राझ गोन्साल्विस यांनी जे केलं, त्याकडे मात्र मराठी संगीतसमीक्षेने फारसं लक्ष दिलेलं नाही.

ब्राझ यांचा जन्म 1934चा, गोव्यातल्या नेवऱ्याचा. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलं पाश्चात्त्य स्वरलिपी गिरवत मोठी होत आणि पुढे मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत पोटापाण्याला लागत. ब्राझही त्याच वाटेने गेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमध्ये ते पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्यासोबत वाजवत.

तोवर अमेरिकेत जॅझची घडी पार विस्कटली होती. ऑर्नेट कोलमनने डिसेंबर 1960मध्ये दोन चौकड्या एकाच वेळी वाजवून ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केला. जॉन कोल्ट्रेनने 1961मध्ये ‘इंडिया’ ही रचना वाजवली आणि 1965च्या ‘असेन्शन’मध्ये अकरा वादकांचा कल्लोळ उभा केला.

रागसंगीतावर वाढलेल्या कानाला यातलं काय जड जातं? ठरलेल्या कॉर्ड नसणं नक्कीच नाही, आपल्याकडे त्या कधी नव्हत्याच. जड जातो हरवलेला षड्ज. ब्राझ यांनी इथेच वेगळा रस्ता धरला. 1970च्या ‘रागा रॉक’ या ध्वनिमुद्रिकेपासून त्यांनी कॉर्डचा जाच सैल केला, पण आधारस्वर हातचा जाऊ दिला नाही. सॅक्सोफोन हे चाव्यांचं वाद्य सुटे स्वर देतं, मींड हवी तर ओठांच्या दाबाने स्वर वाकवावा लागतो. कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीतासाठी सॅक्सोफोनच बदलून घेतला. त्यांना गमक हवी होती, ब्राझ यांना राग आणि जॅझ दोन्ही.

निरंजन झवेरींनी 1978मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी अमेरिकी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आले. पुढे बँक्स, ब्राझ आणि कर्नाटक गायिका आर. ए. रमामणी यांचं इंडो-जॅझ युरोपातही गेलं. या प्रकाराचा दोष असा, की आधी सरगम, मग सोलो, मग सवाल-जवाब ही सोयीची चौकट लवकर पक्की झाली. धीटपणा तिथे पातळ झाला. ब्राझ पुढे धार्मिक गॉस्पेल संगीताकडे वळले. जॅझ यात्रा जिथे भरे ते मुंबईचं रंगभवनही शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मैफलींना बंद झालं.

मुक्त जॅझ इथे रुजला नाही म्हणून वादकांना भित्रं ठरवणं अन्यायाचं आहे. हॉटेलमालकाला नाचता येईल असा ठेका हवा होता आणि सिनेमाला दोन अंतऱ्यांमधला तुकडा. फक्त ऐकायला येणारा श्रोता तिकीट काढून किती वेळा आला? निदान लिहिणाऱ्यांनी तरी ब्राझ यांना ‘गोव्याचा हॉटेलवादक’ या खणातून बाहेर काढावं आणि कोल्ट्रेनशेजारी ठेवून ऐकावं.