घराण्याचा चौकडा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी एडिंबरोहून माझ्या पुतण्याचा फोन आला. तो तिकडे नोकरीला आहे आणि त्याचे लग्न ठरले आहे. लग्नाला त्याचे स्कॉटिश मित्र आपापल्या कुळाच्या चौकड्याचे किल्ट नेसून येणार. तेव्हा आपल्याही घराण्याचा एक चौकडा असावा असे त्याच्या मनाने घेतले होते. "काका, रंग मी ठरवतो, नोंदणीही मीच करतो. तुम्ही कादंबरीकार. घराण्याच्या इतिहासाच्या चार ओळी तेवढ्या लिहून द्या," तो म्हणाला. फराळाचे ताट पुढ्यात होते, मन प्रसन्न होते. मी लगेच हो म्हटले.

ज्या कापडाला तिकडे टार्टन म्हणतात ते आपल्या चौकड्याच्या कापडाहून फारसे निराळे नाही. फरक एवढाच, की त्यातला चौकडा काटेकोर मोजलेला असतो. कोणत्या रंगाचे किती धागे, कोणत्या क्रमाने, हे ठरलेले असते. बहुधा तोच क्रम ताण्यात आणि तोच बाण्यात. धागा दोन धाग्यांवरून जातो व दोन धाग्यांखालून, म्हणून कापडावर तिरप्या रेघांचा भास होतो. तीन रंग घेतले तर ते एकमेकांना छेदून आणखी तीन छटा देतात. म्हणजे खर्च तिघांचा आणि शोभा सहांची! स्कॉटलंडच्या पार्लमेंटने २००८ मध्ये कायदा करून या चौकड्यांसाठी सरकारी नोंदवही केली. ती ५ फेब्रुवारी २००९ रोजी उघडली. जगातल्या कोणालाही तीत नवा चौकडा नोंदवता येतो. तो आधीच्या नोंदींहून पुरेसा वेगळा हवा, आणि जे नाव द्यायचे त्याच्याशी आपला संबंध काय तेही सांगावे लागते.

पुतण्याने रंग चांगले निवडले होते. काळ्या मातीचा काळा, कापसाचा पांढरा आणि पळसाच्या फुलाचा केशरी. आर्णीकडच्या माणसाने याहून वेगळे काय निवडावे? मी रात्री बसून चार ओळींच्या चाळीस ओळी केल्या. आमचा एक पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत गेला. त्याच्या पागोट्याला हाच चौकडा होता. अरुणावतीच्या काठी तो परत आला, तेव्हा पागोटे फाटले होते, पण रंग उडाला नव्हता. मला स्वतःलाच ते वाचून गहिवरून आले. अडचण एकच होती. यातला एक शब्दही खरा नव्हता.

पाठवण्याआधी, मास्तराच्या सवयीने, या नोंदवहीच्या मागचा इतिहास वाचायला घेतला. तिथे माझ्यासारखेच उद्योगी लोक भेटले.

१७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ च्या कायद्याने डोंगराळ मुलखातल्या पुरुषांना हा पोशाख घालण्यास मनाई केली. ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा स्वागताची सगळी मांडणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने केली आणि सरदारांना टार्टन घालून उभे केले. मग प्रत्येकाला आपल्या कुळाचा चौकडा हवासा झाला. ही भूक भागवायला अ‍ॅलन आडनावाचे दोन भाऊ पुढे आले. स्टुअर्ट राजघराण्याच्या प्रिन्स चार्ल्सचे आपण नातू, असे ते सांगत. १८४२ मध्ये त्यांनी 'व्हेस्टियारियम स्कॉटिकम' हा ग्रंथ काढला आणि त्यात पंचाहत्तर चौकडे दिले. हे सगळे सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितातून घेतले आहे, असे त्यांचे म्हणणे. ते जुने हस्तलिखित मात्र कोणाला पारखायला मिळाले नाही. पुढे ग्रंथ बनावट ठरला. पण त्यातले कितीतरी चौकडे आजही त्या त्या कुळांचे म्हणून मानाने मिरवले जातात.

या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की ग्रंथ छापला जाण्याच्या कितीतरी आधी, १८२९ मध्येच, स्कॉटने त्या हस्तलिखितावर अविश्वास दाखवला होता. स्वतः तो कल्पनेचा राजा. पण कल्पित गोष्ट कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे त्याला ठाऊक होते. कादंबरीच्या मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापलेले असते. वाचक ते पाहून पैसे देतो आणि खुशीने फसतो. त्या दोघा भावांनी आपल्या पुस्तकावर तो शब्द घातला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. पण लेखकाच्या बाबतीत त्याहून मोठा गुन्हा मला सुचत नाही. माझे फाटके पागोटे मला एकदम डोळ्यांपुढे दिसू लागले.

या साऱ्या बनावाचा पंचनामा ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने एका निबंधात केला आहे. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या ग्रंथात तो निबंध आहे. निबंध धारदार आहे, विनोदी आहे, आणि त्याचा मुद्दा बहुतांशी पटतो. कुळागणिक चौकडा ही रूढी पुरातन नाही, ती अलीकडे घडवलेली आहे. पण वाचताना मला राहून राहून वाटले, की लेखक दोन गोष्टींची गल्लत करतो आहे. 'हे अलीकडचे आहे' असे सिद्ध केले, की 'म्हणून हे पोकळ आहे' हे आपोआप सिद्ध झाले, असा त्याचा सूर आहे. आपला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. तारीख ठाऊक असल्याने कोणाच्या आरतीचा आवाज खाली आला आहे का? परंपरा केव्हातरी कोणीतरी सुरू केलेलीच असते. सुरू करणे हे पाप नव्हे. तारीख खोडून मागची घालणे, हे पाप.

आणि नियतीचा खेळ पाहा. ज्या १९८३ साली हा निबंध पुस्तकात आला, त्याच साली या चाणाक्ष इतिहासकाराने हिटलरच्या म्हणून पुढे आलेल्या रोजनिश्या खऱ्या असल्याचा निर्वाळा दिला, आणि थोड्याच दिवसांत त्या बनावट निघाल्या! दुसऱ्याच्या आजोबांचा खोटेपणा ओळखणे सोपे. जे आपल्याला खरे असावेसे वाटते, त्यापुढे भल्याभल्यांची नजर मंदावते.

आपल्याकडेही नोंदवही आहे, पण तिची रीत निराळी. भौगोलिक उपदर्शनाचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली २००९ मध्ये पुणेरी पगडी आणि २०१० मध्ये पैठणी नोंदली गेली. त्याच वर्षी कर्नाटकातल्या संडूरचे लंबाणी भरतकामही नोंदले गेले. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवर बंजारा बायांच्या फेटिया-काचळीवर ज्या भरतकामाची आरशी चमकते, त्याच्याच गोतातले ते. या नोंदीत गावाचे नाव लागते, कारागिरीचे लागते, आडनाव कोणाचेच लागत नाही. गोव्यातल्या कुणबी-गावडा बायांचे लाल चौकड्यांचे लुगडे पाहा. शेतात वावरायला सोयीचे म्हणून ते खांद्यावर गाठ मारून आखूड नेसत. ते मागे पडत चालले होते, तेव्हा वेंडेल रॉड्रिक्स या वेशकाराने २०१० च्या सुमारास ते नव्याने विणवून लोकांपुढे आणले. २०२० मध्ये रॉड्रिक्स गेले. लुगड्याला नाव राहिले ते कुणबी बायांचे. हे मला शोभून दिसते. आमच्या आर्णीचे कंबलपोष बाबाही पांघरलेल्या कांबळ्यावरूनच ओळखले जातात. त्या कांबळ्याचा वाण कोणता, हे यात्रेतला कोणी भाविक विचारत नाही.

एवढे सगळे वाचूनही मोह सुटेना. निदान एक खरा पुरावा घरात सापडावा म्हणून मी आईची जुनी गोधडी काढली. तिच्या मधोमध आजीच्या लुगड्याचा एक तुकडा आहे. काळ्यावर पांढरा चौकडा आणि काठाजवळ विटलेला केशरी. माझा आनंद गगनात मावेना! मी आईला म्हटले, "हा बघ आपल्या घराण्याचा चौकडा."

आईने चष्मा पुसून तुकड्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "घरान्याचं कायचं रे बाप्पा! बजारातून आनलं होतं थे. निंदाले जानाऱ्या समद्या बायाईच्या आंगावर त्या साली थेच लुगडं होतं. दुरून पाह्यलं त आपली माय कोनती, थे पोट्ट्याईले समजे नाही."

मी गोधडीची घडी घातली. त्या रात्री भोसल्यांची फौज, फाटके पागोटे, सगळे फाडून टाकले आणि पुतण्याला नव्या चार ओळी लिहिल्या. हा चौकडा या वर्षी तयार झाला. रंग माझ्या आजीच्या लुगड्यातले आहेत. ते लुगडे आर्णीच्या बाजारात मिळे आणि कापसाच्या शेतात निंदणी करणाऱ्या बाया ते नेसत. त्यांतली एक माझी आजी होती.

तो दोन दिवस काही बोलला नाही. मित्रांना सांगायला पागोटे बरे होते, हे मलाही समजत होते. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. इतिहासाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. एवढेच विचारले, "काका, आजीला विचारून सांगा ना, त्या लुगड्यातला केशरी नवा असताना किती गडद होता?"

मी फोन आईच्या हाती दिला. ती बराच वेळ बोलत होती.