एक दशांश सेकंदाचा ग्रेस

'सेलेस्ट' हा गेम मी पहिल्यांदा पूर्ण केला तेव्हा माझ्या नावावर २,१४६ मृत्यू जमा झाले होते. गेमनेच मोजून दाखवले. वाकडच्या फ्लॅटमध्ये रात्रीचे पावणेदोन वाजलेले, रूममेट घोरत होता, आणि मी तो आकडा बघून चक्क खूश होतो. स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. त्याच आठवड्यात ऑफिसचं वार्षिक रेटिंग आलं होतं. पाचपैकी तीन. तो आकडा मात्र मी कोणालाही सांगितला नव्हता, आणि त्याने माझी चार दिवस झोप उडवली होती.

दोन हजार वेळा मरूनही मजा येते आणि एका तीनने पोटात खड्डा पडतो, हे काय गणित आहे?

या प्रश्नाला इंटरनेटवर एक तयार उत्तर मिळतं. आयुष्य हाही एक गेमच समजा, मिशन ठरवा, पॉइंट मिळवा, लेव्हल वाढवा, की तुम्ही सुखी. अशा व्हिडिओंचा मी जुना गिऱ्हाईक आहे. सवयी लावणारं एक अ‍ॅप मी मनापासून वापरलं. पाणी प्यायलो की पॉइंट, पळायला गेलो की पॉइंट, दहा पानं वाचली की पॉइंट. ८४ दिवस एकही खाडा नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी मावसभावाच्या हळदीत रात्री फोन हातात घ्यायचा राहिला आणि सकाळी मालिका शून्यावर. त्यानंतर दीड महिना मी पळायला गेलो नाही. तेव्हा लक्षात आलं की मी तब्येतीसाठी पळतच नव्हतो. मी ८४ या आकड्याच्या मागे पळत होतो.

ऑफिसातही असाच प्रयोग झाला. कोणी किती तिकिटं बंद केली याची यादी भिंतीवरच्या स्क्रीनवर लागायला लागली. दोन आठवड्यांत सगळे शहाणे झाले. एका कामाची तीन तिकिटं करून लोक ती एकेक बंद करू लागले. आकडे वाढले, काम तेवढंच राहिलं. मीही त्यात होतोच.

या विचाराची गंभीर बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. जेन मॅकगॉनिगल या अमेरिकन गेम डिझायनरचं 'रिअ‍ॅलिटी इज ब्रोकन' हे पुस्तक २०११ साली आलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं: गेम माणसाला स्पष्ट ध्येय देतात, केलेल्याची लगेच दाद देतात, सोबत देतात, आणि खरं जग यात कमी पडतं. म्हणून खरं जग गेमसारखं घडवू या. २००९मध्ये डोक्याला मार लागून ती बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. त्यातून बाहेर येण्यासाठी तिने स्वतःपुरता एक गेम रचला आणि पुढे त्याचंच 'सुपरबेटर' झालं. हे ती उपदेशाच्या हौसेने सांगत नाही, सोसून सांगते, म्हणून तिचं ऐकावंसं वाटतं. पण एक गोष्ट खटकते. गेमबद्दलचं मला पटलेलं सर्वांत नेमकं वाक्य बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचं आहे. १९७८च्या 'द ग्रासहॉपर'मध्ये तो म्हणतो त्याचा आशय असा, की खेळणं म्हणजे ज्यांची काही गरज नाही असे अडथळे आपण होऊन पार करू पाहणं. यात 'आपण होऊन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. भिंतीवरची तिकिटांची यादी मी आपण होऊन निवडली नव्हती. पॉइंट लावले म्हणून काम खेळ होत नाही, त्याची फक्त हजेरी जास्त कडक होते.

मग गेममधून शिकण्यासारखं काहीच नाही का? आहे. पण ते शोधायला आयुष्याकडे नाही, गेमकडे नीट बघावं लागतं.

'सेलेस्ट' जानेवारी २०१८मध्ये आला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ साली चार दिवसांत एक छोटा नमुना केला होता, त्याचा हा मोठा अवतार. गोष्ट साधी आहे. मॅडेलीन नावाची मुलगी सेलेस्ट नावाचा डोंगर चढायला निघते. का, ते तिलाही नीट सांगता येत नाही. तिला नैराश्य आहे, घाबरण्याचे झटके येतात. उडी मारणं, भिंतीला धरून राहणं आणि हवेतल्या हवेत एक झेप घेणं, एवढंच तिला येतं. काट्याला शिवलं की मेली. मेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच खोलीच्या सुरुवातीला उभी. 'गेम ओव्हर'ची पाटी नाही, की कोणी ओरडत नाही. आणि मृत्यूंच्या संख्येची लाज वाटायचं कारण नाही, जितके मराल तितकं शिकाल, असं गेम स्वतःच खेळाडूला सांगतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हाच तो धडा, अपयशाला घाबरू नका. पण हा गेम धड्यांच्या बाबतीत त्याच्या चाहत्यांपेक्षा जास्त सावध आहे. चौथ्या प्रकरणात अधांतरी अडकलेल्या पाळण्यात मॅडेलीनला झटका येतो. सोबत असलेला थिओ तिला एक युक्ती शिकवतो: समोर एक पीस तरंगतंय अशी कल्पना कर आणि ते श्वासावर तोलून धर. आपण बटण दाबत, सोडत ते पीस तोलतो आणि तिचा श्वास स्थिरावतो. प्रसंग सुंदर आहे, नेटवर त्याचे असंख्य व्हिडिओ आहेत. फारसं कोणी बोलत नाही ते सहाव्या प्रकरणाबद्दल. तिथे मॅडेलीन आपल्याच मनाच्या काळ्या बाजूला, खेळाडू जिला बॅडेलीन म्हणतात तिला, ऐकवते की आता मला तुझी गरज नाही, मी तुला मागे टाकून चालले. ती खवळते. मॅडेलीन पुन्हा तेच पीस डोळ्यांसमोर आणते, आणि या वेळी बॅडेलीन ते पीस कापून टाकते. मॅडेलीन डोंगरावरून थेट खाली फेकली जाते.

म्हणजे ज्या गेममधून लोक 'श्वासाची युक्ती' घेऊन जातात, तोच गेम ती युक्ती पुरी पडत नाही हे दाखवतो. जिला हाकलायचं होतं तिच्याशी बोलावं लागतं, तिची भीती ऐकून घ्यावी लागते. मगच दोघी मिळून शिखराकडे निघतात, आणि आता मॅडेलीनला हवेत एकाऐवजी दोन झेपा घेता येतात. हा समेट आपल्याला नुसता सांगितला जात नाही, तो बोटांना जाणवतो. चांगल्या गेमची ताकद मला इथे दिसते.

पण 'सेलेस्ट'मधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पडद्यावर दिसत नाही. ती कोडमध्ये आहे.

नोएल बेरीने मॅडेलीनच्या हालचालींचा कोड गिटहबवर सर्वांना बघायला ठेवला आहे. पाच हजारांहून जास्त ओळींची एकच फाइल. आमच्या धंद्यात अशा लांबलचक फाइलला नाकं मुरडतात, मीही आधी मुरडलं. पण तिच्या सुरुवातीच्या भागात एक ओळ आहे. जंपग्रेसटाइम, किंमत ०.१. कडा संपल्यावर तुमचा पाय अधांतरी गेला असला तरी पुढचा एक दशांश सेकंद गेम तुमची उडी मान्य करतो. साठ फ्रेमच्या हिशेबाने सहा फ्रेम. कार्टूनमधला कोल्ह्यासारखा तो कायोटी कड्यावरून पुढे पळत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, म्हणून डिझायनर लोक याला 'कायोटी टाइम' म्हणतात. अशा आणखीही सवलती आहेत. डोकं छताच्या कोपऱ्याला जरासं आपटत असेल तर गेम तुम्हाला गुपचूप दोनचार पिक्सेल बाजूला सरकवतो. उडीचं बटण थोडं आधी दाबलंत तर ते लक्षात ठेवतो. हे सगळं खेळाडूला कळत नाही. त्याला वाटतं, जमलं आपल्याला!

थोडक्यात, इतका निर्दय वाटणारा गेम आतून सतत माफ करत असतो. ज्यांना तरीही जमत नाही त्यांच्यासाठी उघड सवलतही आहे, असिस्ट मोड. वेग कमी करा, जास्त झेपा घ्या, हवं तर अमर व्हा. सुरुवातीला या मोडच्या सूचनेत शक्यतो आधी त्याशिवाय खेळा, असा सूर होता. नंतर कर्त्यांनी तो मजकूर बदलला. सवलत देतानाही घेणाऱ्याला किंचित खाली बघायला लावायची खोड त्यांनाही सोडावी लागली.

'ग्रेस' हा शब्द त्या फाइलमध्ये वाचला तेव्हा मला कोड आठवला नाही, एम-थ्री आठवला. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना सांगायला नको. तिसऱ्या सत्राचं गणित. एटीकेटी, एटीकेटी करत तो विषय माझ्यासोबत आला आणि शेवटी इतर दोन विषयांशी हातमिळवणी करून त्याने मला वायडी केलं. एक वर्ष घरी. घरी म्हणजे पुण्यातच, रूमवर, कारण बार्शीला मी दोन महिने सांगितलंच नव्हतं. कॉलेजला जातो म्हणून रोज फोनवर खोटं बोलत होतो. मग पप्पांना कुठून तरी कळलं. ते पहाटेच्या एसटीने आले, खाली टपरीवर चहा घेतला, रूममालकाला वर्षाचं भाडं दिलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. रागावले नाहीत. किराणा दुकानाच्या मालासाठी ठेवलेली एफडी मोडली होती, हे मला दिवाळीत आईकडून कळलं. पुढच्या वेळी एम-थ्री सुटला. निकालपत्रावर मार्कांशेजारी एक छोटी खूण होती. दोन मार्क ग्रेस.

त्या खुणेची मला किती वर्षं लाज वाटत होती! मुलाखतींमध्ये कोणी निकालपत्र मागितलं की घाम फुटायचा. वाटायचं, माझं सगळं पुढचं आयुष्य त्या दोन उसन्या मार्कांवर उभं आहे.

माझ्याच रूमवर राहणारा एक जण त्याच वर्षी वायडी झाला होता. गणितात तो माझ्यापेक्षा बरा होता. त्याच्या घरून दुसऱ्या वर्षाचं भाडं येणं शक्य नव्हतं. तो गावी गेला तो परत आला नाही. आम्हा दोघांचा मृत्यू एकाच काट्यावर झाला, फरक एवढाच की मला खोलीच्या सुरुवातीला परत उभं केलं गेलं आणि त्याला नाही. 'अपयशाला घाबरू नका' म्हणणाऱ्या प्रत्येक व्हिडिओला माझा हा प्रश्न आहे. घाबरू नका हे कोणाला सांगताय? गेममध्ये सगळ्यांना सारख्या लाइफ मिळतात. बाहेर कोणाच्या लाइफ किती हे बऱ्याचदा वडिलांच्या एफडीवर ठरतं.

म्हणून मला वाटतं, गेमचे धडे खेळाडूने शिकायचे असतात हीच आपली मुळातली चूक आहे. मॅडेलीनला ग्रेस तिच्या जिद्दीमुळे मिळत नाही. कोणीतरी बसून ती ओळ लिहिली म्हणून मिळतो. शिकायचं असेल तर त्या लिहिणाऱ्याकडून. आपण प्रत्येक जण कुठे ना कुठे कोणाची तरी खोली रचत असतो. थोरला भाऊ म्हणून, सीनिअर म्हणून, नुसता ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणूनसुद्धा.

हे मला आधी समजलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने चुकीच्या डेटाबेसवर स्क्रिप्ट चालवली. चार तास सगळे धावपळीत. बॅकअप होता, सगळं परत आलं. पण मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं साधं दिसलं नाही का तुला?" तिने उत्तर दिलं नाही. त्यानंतर ती एक ओळ बदलली तरी मला दाखवायला यायची, "सर, हे बरोबर आहे ना?" आठवडाभर मला ते काळजीपूर्वक काम वाटलं. मग लक्षात आलं की ती घाबरलेली आहे, आणि तिला घाबरवणारा मी आहे. ज्याने स्वतः दोन महिने घरी खोटं सांगून काढले, तो मी.

मी तिला खाली चहाला नेलं आणि चुकलो म्हणालो. तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी बसून ती स्क्रिप्ट बदलली. आता ती चालवली की आधी कुठल्या डेटाबेसवर चालणार त्याचं नाव टाइप करून घेते, किती नोंदी जाणार ते दाखवते, आणि पुसलेलं दहा मिनिटं परत आणता येतं. बदल तिनेच लिहिला, मी तपासला. त्या दहा मिनिटांच्या व्हेरिएबलला तिने काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. मी सुचवलं, ग्रेसटाइम ठेव. तिला वाटलं, नेहमीचाच टेक्निकल शब्द असेल.

पाचपैकी तीन अजूनही बोचतात, खोटं कशाला बोलू. या वर्षीही रेटिंग येईल आणि पोटात पुन्हा तो खड्डा पडेल, त्यावर 'सेलेस्ट'कडे इलाज नाही. पण त्या दोन मार्कांबद्दल पप्पांना मी कधीच सांगितलं नव्हतं. परवा फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "दोनच का? मला वाटलं जास्त असतील."