सुबोधतेचे माप : युरोपीय सुलभता-निर्देशातील एका अटीचे परीक्षण

युरोपीय संघाने २०१९ साली संमत केलेला सुलभता-निर्देश (क्रमांक २०१९/८८२) २८ जून २०२५ पासून लागू झाला. संगणक, दूरध्वनी, तिकीट देणारी यंत्रे, ई-पुस्तके, ग्राहकांसाठीची बँकसेवा इत्यादी वस्तू व सेवा दिव्यांग व्यक्तींना वापरता येतील अशाच स्वरूपात बाजारात याव्यात, हा त्याचा आशय होय. भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी अट त्याच्या पहिल्या परिशिष्टात, बँकसेवेच्या संदर्भात आली आहे. ग्राहकास द्यावयाची माहिती समजण्याजोगी असावी, आणि तिची क्लिष्टता युरोप परिषदेच्या भाषाविषयक समान आराखड्यातील ‘बी-२’ या पातळीच्या वर जाऊ नये, असे ती अट सांगते.

सुबोधतेला काही माप हवे, यात वाद नाही. नुसते ‘समजेल अशी भाषा’ म्हणणाऱ्या कायद्याचा भंग सिद्ध करणे दुरापास्त असते. दृष्टीच्या बाबतीत मापे ठरलेली आहेत. वेब-आशयाच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजातील प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे म्हटले आहे, आणि ते यंत्राने पडताळता येते. भाषेसाठी तसेच काही असावे, ही निर्देशकर्त्यांची इच्छा रास्तच होती. परंतु त्यांनी उचललेले माप भलत्याच वस्तूचे आहे.

२००१ साली प्रसिद्ध झालेला हा आराखडा भाषा शिकणाऱ्याचे सामर्थ्य ‘ए-१’ पासून ‘सी-२’ पर्यंत सहा पातळ्यांत वर्णितो. तो मनुष्याला मोजतो, मजकुराला नव्हे. शिवाय ‘बी-२’ च्या वर्णनात, वाचकास स्वतःच्या विषयातील तांत्रिक चर्चाही समजते, असे गृहीत आहे. म्हणजे एकच कर्जपत्र हिशेबनिसास ‘बी-२’ आणि शेतकऱ्यास त्याहून अवघड ठरावे! मग बँकेने अट पाळली की नाही, हे कोणाच्या वाचनावरून ठरवावयाचे?

अडचण येथेच संपत नाही. मेंदूच्या आघाताने वाचाघात झालेला मनुष्य आपल्या मातृभाषेतील वाक्प्रचार सहज ओळखील, पण एकात एक गुंफलेल्या वाक्यात तो हरवेल. शिकाऊ परभाषकाची स्थिती बहुधा याच्या उलट असते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या वाचकास तर ‘बी-२’ ही पायरी फारच उंच आहे. गंमत अशी की, ज्या कर्णबधिर व्यक्तीची पहिली भाषा खुणांची आहे व लिखित भाषा दुसरी, तिलाच काय ते हे माप थोडेफार जुळते.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (२०१६) संप्रेषणाच्या व्याख्येत ब्रेल, खुणांची भाषा यांच्या जोडीला ‘सोपी भाषा’ घातली आहे. माप मात्र दिलेले नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम केवळ शिफारशींवर सोडता येणार नाहीत, किमान अटी बंधनकारक कराव्यात, असा निर्णय दिला. त्या अटींत भाषा आली, तर युरोपातील तयार माप उसने घेण्याचा मोह होणे अशक्य नाही. पण कोणत्याही एका भाषेच्या व्याकरणाविषयी तो आराखडा मुद्दामच मौन बाळगतो, आणि मराठीतील क्लिष्टता तर बव्हंशी रचनेत असते. ‘बँकेने दिलेल्या मुदतीत न भरलेल्या हप्त्यावर आकारण्यात येणारे दंडशुल्क ग्राहकास देय राहील’ या वाक्यात तीन कृदन्त-रचना एकीच्या पोटात एक बसल्या आहेत. ‘दंडशुल्क’ हे नाम येईपर्यंत वाचकाने सारे मनात तोलून धरावयाचे. ‘बँक हप्त्याला मुदत देते. त्या मुदतीत जो हप्ता भरला नाही, त्याचे दंडशुल्क ग्राहकाने द्यावयाचे’ ही जो-तो ची घडण बोलीतही रुळलेली आहे. एकूण शब्द मोजले तर मात्र पहिलीच रचना आखूड भरते.