जुनी यंत्रे, नवी प्रणाली आणि ‘चालक’ हा शब्द

जुन्या संगणकावर नवी लिनक्स प्रणाली बसविण्याचा विचार आपल्याकडे बहुधा केवळ काटकसरीच्या दृष्टीने होतो. दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य संपले, ‘विंडोज ११’च्या अटी, विशेषतः टीपीएम २.० ही अट, अनेक जुनी यंत्रे पुरी करू शकत नाहीत. पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावी शाळा, पतसंस्था व छापखाने यांना हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. तथापि हा प्रश्न जितका पैशाचा आहे तितकाच भाषेचाही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘लिनक्स कोणत्याही जुन्या यंत्रावर चालते’ हे विधान सरसकट केले जाते. ते अर्धेच खरे आहे. ज्या ३८६ प्रक्रियकासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिले, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मधील ‘डेबियन १३’ने तर ३२-बिटी यंत्रांसाठी गाभा व स्थापना-संच देणेच थांबविले. चौसष्ट-बिटी जुनी यंत्रे मात्र अद्याप उत्तम चालतात. तेव्हा यंत्राचे वय हा खरा निकष नव्हे. मग खरा निकष कोणता?

येथे ‘ड्रायव्हर’ या शब्दाकडे वळावे लागते. त्यास मराठीत ‘चालक’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण तो दिशाभूल करणारा आहे. चालक म्हटले की गाडी हाकणारा डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः ही आज्ञावली काहीच हाकीत नाही. प्रणालीचे बोलणे ती उपकरणाला त्याच्या भाषेत सांगते आणि उपकरणाचे उत्तर परत आणते. ती दुभाषी आहे. हा शब्द स्वीकारला म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. यूएसबी कळफलक कोठेही जोडला तरी चालतो, कारण त्या वर्गातील सर्व उपकरणांना एक समान बोली ठरवून दिलेली आहे. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल जाणणारा मुद्रक वीस वर्षांनंतरही छापतो. दुकानातील डॉट मॅट्रिक्स मुद्रकही बहुधा छापतो, कारण त्याची आज्ञाभाषा सर्वपरिचित आहे. उलट ज्या स्वस्त मुद्रकाची भाषा उत्पादकाने गुप्त ठेवली, तो सुस्थितीत असूनही मुका होतो. १९८० च्या सुमारास एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना मुद्रकाच्या आज्ञावलीचा मूळ पाठ नाकारला गेला. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीमागे हा प्रसंगही आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

बिनतारी जोडणीची अडचण याच जातीची आहे. एकाच व्यापारी नावाच्या दोन खोक्यांत दोन भिन्न चिपा असू शकतात. म्हणून खोक्यावरील नावावर न विसंबता ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दाखविते तो उत्पादक-क्रमांक व उपकरण-क्रमांक पाहावा. पुष्कळ चिपांना स्वतःची बंदिस्त आज्ञावलीही लागते. ‘डेबियन’ने २०२२ च्या मतदानानंतर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती अधिकृत स्थापना-संचात घातली. तत्त्वनिष्ठांना ही तडजोड वाटली. ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे त्याला मात्र ती उपकारक ठरली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून गंभीर बाब निराळी आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड हे साध्या संगणकाला देवनागरी दाखविणारे यंत्रांगच होते. त्या परंपरेतील इस्की संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी आजही प्रत्येक लिनक्समध्ये आहे. यांच्या बरोबरीने खाजगी टंकसंकेतही फोफावले. दोहोंतील भेद भाषाशास्त्रीय आहे. इस्की व युनिकोड वर्णक्रम जपतात: ‘कि’मध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. टंकसंकेत आकारांचा क्रम जपतात: आधी वेलांटी, मग ‘क’. त्यामुळे तो टंक नव्या प्रणालीत नसला की छापखान्यातील वर्षांचा मजकूर निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन बसतो. यंत्र वाचते, पण त्यातील मराठी हरवते.

उत्पादकाने आपली भाषा उघड करावीच, असा आग्रह धरता येईल काय? त्याचा व्यापारी हक्क मान्य केला तरी, ज्या उपकरणाचा आधार त्याने स्वतः सोडला त्याची भाषा गुप्त ठेवण्यात कोणते हित उरते, हे समजत नाही.

तात्पर्य, जुन्या यंत्रावर लिनक्स बसविण्यापूर्वी ते यूएसबीवरून चालवून पाहावे, ध्वनी, बिनतारी जोडणी व मुद्रक तपासावेत, आणि चकती पुसण्याआधी टंकसंकेतातील मजकूर युनिकोडमध्ये आणावा. पहिले काम कोणताही तंत्रज्ञ करील. दुसऱ्यासाठी प्रत्येक टंकाचे चिन्हकोष्टक लागते, आणि जोडाक्षरे, रफार व ‘ऱ्य’ यांची पारख असलेला माणूस लागतो. ते काम भाषाविभागांचे आहे. जुनी यंत्रे चालू आहेत तोवरच ते सोपे आहे.