रिड्यूसर लावला म्हणून दुर्बीण मोठी होत नाही

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या शाळेने आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण घेतली, की पाठोपाठ सल्ला येतो : ‘फोटो काढायचे तर फोकल रिड्यूसर घ्याच, प्रकाश अडीचपट होतो.’ हे वाक्य आता इतके रुळले आहे की ते तपासावे असे कोणाला वाटत नाही. ते अर्धेच खरे आहे.

रिड्यूसर म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढे बसवलेला, एकूण परिणामाने बहिर्वक्र असा भिंगांचा संच. या दुर्बिणीचे नाभीय अंतर 2032 मिलिमीटर, म्हणजे एफ/10. 0.63 पटीचा रिड्यूसर ते सुमारे 1280 वर आणतो. प्रतिमा लहान होते व तोच प्रकाश कमी जागेत पडतो. म्हणून पसरट तेजोमेघाला दोन पंचमांश वेळ पुरतो. परंतु प्रकाश गोळा करणारा आरसा आठ इंचांचाच राहतो.

खरा लाभ आहे दृष्टिक्षेत्राचा, आणि तो जाहिरातीत दुय्यम ठरतो. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मे महिन्याच्या मध्यास रात्री दहा-साडेदहाला लातूरहून दक्षिणेस सुमारे 24 अंश उंचीवर असतो. दिल्लीकरांना तो जेमतेम 14 अंशांवर मिळतो. गुच्छाचा व्यास सुमारे 36 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). 23.5 × 15.7 मिलिमीटर संवेदकावर रिड्यूसरविना 40 × 27 कलांचेच आकाश येते, गुच्छ वरखाली कापला जातो. रिड्यूसरने 63 × 42 कला मिळतात व तो पूर्ण मावतो.

गिरवली येथील आयुकाच्या दोन मीटर दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातही हेच तत्त्व आहे : एफ/10 चे एफ/4.5. पण ती भिंगे त्या दुर्बिणीसाठीच आखलेली आहेत. आपल्याकडे मात्र एकाचा रिड्यूसर दुसऱ्याच्या नळीला लावण्याची हौस दांडगी! हाताने घासलेल्या सहा इंची आरशाच्या न्यूटनी दुर्बिणीला तो लावला, तर नाभी आत सरकते आणि फोकसर तिथवर पोहोचतच नाही. अशा शाळेने ते पैसे भक्कम बैठकीवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधीच घेतला असेल तर पौर्णिमेच्या चंद्राचे दोन फोटो काढा, एक रिड्यूसरसह, एक त्याविना, आणि व्यासाचे पिक्सेल विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या. गुणोत्तर 0.63 ऐवजी 0.58 आले, तर कॅमेरा रिड्यूसरपासून जास्त लांब बसला आहे.